सिनेमाच्या सुरुवातीचे लोगो: टॉकीज ते कॅसेट ते मोबाइल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत जुन्या कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी जमवणारे आम्ही काही जण आहोत. कुणी नौपाड्यात, कुणी कोपरीत, कुणी वाशी-नेरूळला. घर रंगवायला काढलं की माळ्यावरचं खोकं खाली येतं आणि ते घेऊन कुणीतरी आमच्याकडे येतं. कॅसेट लावल्यावर पहिला प्रश्न बहुतेक वेळा सिनेमाबद्दल नसतोच. "हा लोगो टॉकीजमध्ये असा नव्हता हो," इथूनच सुरुवात होते. तेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

एकाच सिनेमाआधी चार-पाच लोगो का असतात?

कारण प्रत्येक लोगो वेगळ्या माणसाचा असतो. एक निर्मात्याचा, एक प्रस्तुतकर्त्याचा, एक वितरकाचा. टॉकीजमध्ये त्याआधी डॉल्बी किंवा यूएफओ, क्यूब अशा तंत्र पुरवणाऱ्यांचा. घरी आणलेल्या कॅसेटवर किंवा डिस्कवर या सगळ्यांच्या पुढे व्हिडिओ कंपनीचा. सातबाऱ्यावर मालक, कुळ, बोजा सगळं एका कागदावर दिसतं आणि फेरफार झाला की नोंद बदलते, तसंच हे आहे. सिनेमा तोच राहतो, वरची नावं बदलत जातात. पुढची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

पूर्वी कंपनीचा स्वतःचा स्टुडिओ असे, पगारी कलाकार असत, म्हणून एक चिन्ह पुरे. आता पैसा चार खिशांतून येतो आणि प्रत्येक खिशाला पडद्यावर दहा सेकंद हवी असतात. मराठी सिनेमात यानंतर माध्यम प्रायोजक आणि आभाराची लांबलचक यादीही येते. राष्ट्रगीताला उभं राहून बसलेला प्रेक्षक सिनेमा सुरू व्हायच्या आधीच पॉपकॉर्न संपवतो.

लोगो दाखवायची पद्धत सुरू कशी झाली?

चोरी थांबवण्यासाठी. सिनेमाच्या पहिल्या काही वर्षांत प्रिंट भाड्यानं नव्हे, सरळ फुटाच्या भावानं विकली जायची. घेणारा तिची नक्कल काढायचा, सुरुवातीची पाटी कापायचा आणि आपलं म्हणून विकायचा. यावर फ्रान्सच्या पाथे कंपनीनं आपलं चिन्ह असलेला कोंबडा थेट सेटवर आणून ठेवला. दृश्य चालू असताना मागच्या भिंतीवर कोंबडा दिसतो. जॉर्ज मेलिएसनं आपल्या स्टार फिल्म कंपनीचा तारा असाच सेटवर लावला, अमेरिकेच्या बायोग्राफ कंपनीनं आपली दोन अक्षरं लावली. पाटी कापता येते, भिंत कशी कापणार?

टीव्हीच्या कोपऱ्यात सतत दिसणारा वाहिनीचा शिक्का याच घराण्यातला.

प्रभातच्या तुतारीबद्दल सांगा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणारे बरेचदा सत्तरीच्या पुढचे असतात.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे पाच भागीदार. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा त्यांचा पहिला बोलपट. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. प्रभातच्या बोलपटांच्या सुरुवातीला तुतारी फुंकणारी स्त्री दिसते आणि तुतारीचे सूर ऐकू येतात. परदेशी कंपन्यांच्या सिंह, डोंगर, पृथ्वीच्या गोळ्याशेजारी हे चिन्ह ठेवून बघा. इथे कुणी गुरगुरत नाही की मालकी गाजवत नाही. कुणीतरी येत असल्याची वर्दी दिली जाते आणि मग ते येतात, तुकाराम असोत की ज्ञानेश्वर. माझ्या मते भारतीय सिनेमातलं हे सगळ्यात नेमकं चिन्ह आहे. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओची बिगुल वाजवणारी जुळी मुलं याच कल्पनेची, पण त्यांचा बाज जत्रेचा. तेही छानच.

१९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले. पन्नाशीच्या दशकात कंपनी बंद पडली. पुण्यातल्या त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. स्टुडिओची जागा आजही तिथे जाऊन पाहता येते.

प्रभातच्या चित्रपटांच्या ज्या प्रती कॅसेट आणि व्हीसीडीवर निघाल्या, त्यात तुतारी कधी पूर्ण मिळते, कधी अर्धी, कधी नुसता आवाज आधी आणि चित्र नंतर. त्याचं कारण खाली रिळांबद्दलच्या प्रश्नात आहे.

राजकमल, आर. के., मेहबूब यांच्या चिन्हांमागे काय आहे?

राजकमल कलामंदिर शांतारामांनी १९४२ मध्ये परळला काढलं. नाव आईवडिलांचं: वडील राजाराम, आई कमला. म्हणून चिन्हात कमळ आणि फुलं उधळणारी तरुणी.

आर. के. चं चिन्ह 'बरसात'मधून आलं. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली नायिका. 'बरसात' १९४९ चा, आणि बॅनरचा पहिला सिनेमा 'आग' १९४८ चा. म्हणजे 'आग' प्रदर्शित झाला तेव्हा हे चिन्ह जन्मालाच आलेलं नव्हतं. आर. के. च्या सिनेमांच्या आधी पृथ्वीराज कपूर शिवलिंगाची पूजा करताना दिसतात, तेही अनेकांना लोगोचाच भाग वाटतात. चेंबूरचा स्टुडिओ सप्टेंबर २०१७ मध्ये आगीत जळाला आणि २०१९ मध्ये जागा बांधकाम कंपनीकडे गेली. ठाण्याहून चेंबूरला जाणाऱ्या कित्येकांनी फाटकावरचं ते चिन्ह बसच्या खिडकीतून पाहिलेलं आहे, सिनेमा एकही न पाहता.

मेहबूब प्रॉडक्शन्सच्या चिन्हात विळा-हातोडा, आणि सोबत देवाच्या मर्जीपुढे कुणाचं काही चालत नाही अशा अर्थाचा उर्दू शेर. हे दोन एका पडद्यावर फक्त आपल्याकडेच नांदू शकतात. 'मदर इंडिया' १९५७ मध्ये आला आणि ऑस्करच्या स्पर्धेसाठी अमेरिकेत गेला, तेव्हा त्या छोट्या केलेल्या परदेशी आवृत्तीतून विळा-हातोडा काढून टाकला होता. काळ शीतयुद्धाचा. एकाच सिनेमाच्या दोन प्रतींवर वेगळी सुरुवात का, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

हॉलिवूडच्या चिन्हांमध्ये सगळ्यात जुनं कोणतं?

आजही वापरात असलेल्यांमध्ये पॅरामाउंटचा डोंगर, १९१४ पासूनचा. एमजीएमच्या सिंहाची कल्पना त्याच्या मागोमाग, १९१६ ची, पण ती आधी गोल्डविन कंपनीसाठी होती. एमजीएम १९२४ मध्ये झाली. सिंह एक नाही, बरेच झाले. पहिला स्लॅट्स मुका. १९२८ मध्ये आलेल्या जॅकीची गर्जना पहिल्यांदा ऐकू आली. आपण बहुतेकांनी पाहिलेला सिंह १९५७ पासूनचा, लिओ नावाचा. २०२१ मध्ये त्याची जागा संगणकावर घडवलेल्या सिंहानं घेतली. ऐंशीच्या दशकात गर्जना नव्यानं केली तेव्हा तीत वाघाचे आवाज मिसळले, कारण खऱ्या सिंहाचा आवाज पुरेसा भीतिदायक वाटेना!

कोलंबियाची मशालवाली बाई १९२४ पासून आहे. सध्याचं चित्र मायकेल डीस या चित्रकारानं नव्वदीच्या सुरुवातीला काढलं. मॉडेल म्हणून उभी राहिलेली तरुणी व्यावसायिक मॉडेल नव्हती, तिनं अंगाभोवती चादर गुंडाळली होती.

लोगोचं संगीत टॉकीजपेक्षा टीव्हीवर वरच्या पट्टीत वाटतं. भास आहे का?

भास नाही, तुमचा कान चांगला आहे. टॉकीजमध्ये सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडची टीव्ही पद्धत पाल, ती सेकंदाला २५ चौकटींची. त्यामुळे कॅसेट, व्हीसीडी आणि डीव्हीडी बनवताना सिनेमा सरळ २५ नं पळवला जायचा, म्हणजे सुमारे चार टक्के जलद. वीस सेकंदांचा लोगो एकोणीस सेकंदांच्या आसपास संपतो आणि सूर अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी चढतो. आल्फ्रेड न्यूमनची १९३३ ची फॉक्सची धून ज्यांना पाठ आहे त्यांना हे लगेच कळतं. अमेरिकेतून आणलेल्या एनटीएससी (तिकडची टीव्ही पद्धत) कॅसेटवर वेग वेगळ्या युक्तीनं जुळवलेला असतो, तिथे सूर चढत नाही. ब्लू-रेवर सिनेमा बहुतेक वेळा २४ नंच चालतो, म्हणून तिथे मूळ पट्टी परत मिळते.

लोगोच्या दोन्ही कडा कापलेल्या का दिसतात? किंवा माणसं काडीसारखी उंच का?

सिनेमास्कोपचा पडदा उंचीच्या २.३५ पट रुंद. जुना टीव्ही १.३३ पट. पूर्ण उंची टीव्हीवर भरायची तर रुंदीतला चाळीस टक्क्यांहून अधिक भाग सोडावा लागतो. सिनेमा चालू असताना निदान कुणीतरी चौकट डावी-उजवीकडे सरकवून बोलणारा माणूस पकडत असे. लोगोसाठी एवढं कोण करणार? म्हणून कंपनीच्या नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गायब. दुसरा उपाय म्हणजे सगळी रुंदी दाबून बसवायची, ज्यात अक्षरं आणि माणसं काडीसारखी होतात. नामावली दाबलेली आणि पुढचा सिनेमा कापलेला अशा कॅसेट आमच्याकडे ढिगानं आहेत.

जुन्या प्रिंटमध्ये नेमका लोगोच सगळ्यात खराब का असतो?

रिळाची दोन टोकं सगळ्यात जास्त झिजतात. प्रत्येक खेळाला ऑपरेटर पहिलं रीळ मशीनवर चढवतो, पुढची फिल्म दात्यांवरून ओढून बसवतो. हात, धूळ, तेल, ओरखडे सगळं तिथेच. टोक फाटलं की दोन-चार चौकटी कापून जोड मारायचा. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी, मिनिटाला ९० फूट. म्हणजे वीस सेकंदांचा लोगो फक्त तीस फूट. मोठ्या शहरात धावून मग तालुक्याच्या टॉकीजमध्ये, मग तंबूत, असा प्रवास केलेल्या प्रिंटचे ते तीस फूट हळूहळू संपून जायचे.

पुढे व्हिडिओसाठी उतरवताना हाताशी निगेटिव्ह नसेल तर अशीच फिरलेली प्रिंट वापरली जायची. तुतारी अर्ध्यातून सुरू होते ती यामुळे. चित्र आणि आवाज पुढेमागे होण्याचं कारणही यातच आहे: ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे असते. टोकाला काप दिला की एकाचा तुकडा जातो, दुसऱ्याचा राहतो.

टॉकीजमध्ये पाहिलेला लोगो कॅसेटवर बदललेला का?

तीन कारणं, आणि बरेचदा तिन्ही एकदम.

पहिलं, कंपनीनं मधल्या काळात लोगो बदलला आणि व्हिडिओ काढताना जुन्यावर नवा चिकटवला. वॉर्नर ब्रदर्सनं १९७२ मध्ये आपली पारंपरिक ढाल बाजूला ठेवून सॉल बासनं केलेलं गोलसर डब्ल्यू वापरलं, १९८४ मध्ये ढाल परत आली. मधल्या बारा वर्षांतल्या काही सिनेमांच्या घरगुती प्रतींवर ढाल दिसते, ती मागाहून बसवलेली. डिस्नेचा निळा किल्ला १९८५ पासूनचा; त्याआधीच्या सिनेमापुढे किल्ला दिसला तर खुशाल समजा की नंतरचं काम आहे. फॉक्सचे फिरत्या कॅमेऱ्यातून दिसणारे संगणकी प्रकाशझोत १९९४ चे, त्याआधीचा लोगो रंगवलेला होता.

दुसरं, मालक बदलला. याचा प्रश्न पुढे स्वतंत्र आहे.

तिसरं, व्हिडिओची कंपनीच वेगळी होती. सुरुवातीला हॉलिवूडच्या स्टुडिओंना कॅसेटवर भरवसाच नव्हता. १९७७ मध्ये मॅग्नेटिक व्हिडिओ नावाच्या एका छोट्या कंपनीनं फॉक्सकडून पन्नास सिनेमांचे हक्क घेतले आणि कॅसेटवर विकले. ते खपले, तसे स्टुडिओ जागे झाले. १९७९ मध्ये फॉक्सनं ती कंपनीच विकत घेतली. एकाच सिनेमाच्या सत्तरी, ऐंशी आणि नव्वदीतल्या कॅसेटवर तीन वेगळी नावं सापडतात ती अशी.

चिकटवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नये. काही लोगो सिनेमाचा भाग असतात. १९८१ च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये पॅरामाउंटचा डोंगर विरघळून खऱ्या डोंगरात मिसळतो. 'द मॅट्रिक्स'मध्ये वॉर्नरची ढाल हिरवी. तिथे नवा चकचकीत लोगो लावला तर दिग्दर्शकाचं पहिलंच दृश्य मोडतं.

भारतात कॅसेट आणि व्हीसीडीवर कोणाचे लोगो असायचे?

१९८२ च्या एशियाडच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला, आणि पाठोपाठ भाड्याचा व्हीसीआर. गणपतीत सोसायटीच्या गच्चीवर रात्रभर तीन सिनेमे, हे ठाणेकरांना सांगायला नको. त्या कॅसेटवर शेमारू, अल्ट्रा, टी-सीरिज अशी नावं असत. शेमारूची सुरुवात १९६२ मधली, तीही पुस्तकं भाड्यानं देणारं वाचनालय म्हणून. व्हिडिओ १९७९ मध्ये आला. कॅसेट भाड्यानं देण्याची रीत वाचनालयाच्या वहीतूनच आली असावी असं मला नेहमी वाटतं.

व्हीसीडीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. एवढ्यात बारीक अक्षरांचा लोगो वाचता येत नाही, आणि वेगवान हालचालीत चौकोन पडतात. म्हणून व्हीसीडी कंपन्यांचे लोगो जाड, ढोबळ आणि रंगानं भडक असतात. आपण त्याला हसतो, पण ती गरज होती. २००७ च्या सुमारास मोझर बेअरनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढली, तेव्हा रेल्वे स्टेशनबाहेरच्या चोरट्या डिस्कवाल्यांचा धंदा पहिल्यांदा बसला.

काही व्हिडिओ कंपन्यांनी मूळ निर्मात्याचा लोगो कापून आपला लावला आणि वर अख्खा सिनेमाभर कोपऱ्यात शिक्का ठेवला. पाथेच्या काळात हे चोराला रोखायला होतं. आता पैसे देऊन घेणाऱ्यालाच तो बघावा लागतो.

एका कंपनीच्या सिनेमावर दुसऱ्याच कंपनीचं नाव कसं?

हक्क विकले जातात. १९५८ मध्ये एमसीए या अमेरिकन मनोरंजन कंपनीनं पॅरामाउंटचे १९५० पूर्वीचे जवळपास सातशे बोलपट विकत घेतले. एमसीए पुढे युनिव्हर्सलची मालक झाली. म्हणून डिस्कवर आधी युनिव्हर्सलचा गोळा, मग पॅरामाउंटचा डोंगर. १९८६ मध्ये टीव्ही वाहिन्यांचा मालक टेड टर्नर यानं एमजीएमचा जुना संग्रह घेतला, तो १९९६ मध्ये वॉर्नरकडे गेला. १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'च्या डिस्कवर वॉर्नरचं नाव आणि आत एमजीएमचा सिंह, हे त्यामुळे.

अलीकडचा किस्सा 'स्टार वॉर्स'चा. डिस्नेनं २०१२ मध्ये लुकासफिल्म घेतली. २०१५ मध्ये सहा सिनेमे डिजिटल विक्रीला आले, तेव्हा पहिला सोडून बाकी पाचांवरून फॉक्सची धून काढलेली होती, कारण फक्त पहिल्याचे वितरणहक्क फॉक्सकडे कायमचे होते. चाहते खवळले. २०१९ मध्ये डिस्नेनं फॉक्सच घेतली आणि स्ट्रीमिंगवर धून परत आली. २०२० मध्ये कंपनीच्या नावातून 'फॉक्स' शब्द गेला, सूर मात्र तेच ठेवले.

माझ्याकडची प्रत कधीची आहे, हे लोगोवरून कळेल का?

सिनेमा कधीचा हे कळेलच असं नाही, प्रत कधीची याचा अंदाज येतो. सगळ्यात नव्या लोगोचं वर्ष धरा. प्रत त्याआधीची असू शकत नाही.

भारतीय प्रतींसाठी सेन्सॉर सर्टिफिकेट अधिक कामाचं. त्यावर तारीख असते, लांबी असते. मंडळाच्या नावात 'सेन्सॉर' असेल तर ते जून १९८३ पूर्वीचं, कारण तेव्हा नाव बदलून 'सर्टिफिकेशन' केलं. यूए हा वर्गही १९८३ चा. २०२४ पासून त्यात ७, १३ आणि १६ वर्षं असे भाग पडले. मात्र एक सांभाळा: व्हिडिओसाठी वेगळं सर्टिफिकेट घ्यावं लागे. कॅसेटवरची तारीख त्यामुळे टॉकीजमधल्या प्रदर्शनाच्या कित्येक वर्षं नंतरची असू शकते.

प्रभातची तुतारी किंवा आर. के. चं चिन्ह मी माझ्या व्हिडिओत वापरू का?

भारतात चित्रपटावरचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, त्यामुळे चाळीसच्या दशकापर्यंतचे सिनेमे आता मोकळे आहेत. पण चिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं असेल तर दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून ते कायम टिकवता येतं. २०१७ च्या नियमांनुसार तीस सेकंदांपर्यंतचा आवाजही नोंदवता येतो. अभ्यासासाठी तुकडा दाखवणं वेगळं, आपल्या चॅनेलच्या सुरुवातीला लावणं वेगळं. दुसऱ्यासाठी वकिलाला विचारा, आम्हाला नको.

घरातल्या कॅसेट डिजिटल करायच्या आहेत. काय सांभाळू?

आधी कॅसेटचं झाकण उचलून फितीकडे बघा. पांढरट ठिपके किंवा धागे दिसले तर ती बुरशी. खाडीकाठच्या हवेत, चार महिने पावसात, ती हमखास धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होतो आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. व्हीसीआर जपून वापरा, नवे बनणं २०१६ मध्येच थांबलं.

काम बाहेर देत असाल तर दुकानदाराला निक्षून सांगा की सुरुवातीचं काहीही कापायचं नाही. रिकामी निळी चौकट, व्हिडिओ कंपनीचा लोगो, चोरीविरुद्धची पाटी, जाहिराती, सर्टिफिकेट, सगळं हवं. बहुतेक जण मदत म्हणून ते उडवून थेट सिनेमापासून सुरू करतात. कव्हरचे आणि लेबलचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, भाड्याच्या दुकानाचा शिक्का असेल तर तोही.

हे सगळं कुणाला देता येईल?

फिल्मची रिळं असतील तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पहिलं. १९६४ मध्ये सुरू झालं, २०२२ पासून एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे. जुनी फिल्म नायट्रेटची असू शकते, विशेषतः १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची. ती चटकन पेट घेते, म्हणून घरात उन्हाजवळ, स्वयंपाकघराजवळ ठेवू नका आणि कुरिअरनंही पाठवू नका. आधी फोन करून विचारा. कॅसेट आणि व्हीसीडी मात्र संग्रहालयं सहसा घेत नाहीत. त्या भंगारात घालण्याआधी आम्हाला दाखवा, सुरुवातीची दोन मिनिटं उतरवून घेऊ आणि कॅसेट तुमची तुम्हाला परत देऊ.